एका पुठ्ठ्याची जाडी

अप्पांनी आयुष्यात एकेचाळीस प्रोग्राम लिहिले. त्यांतले चाळीस वारले. प्रत्येकाच्या मृत्यूचं कारण अप्पांना तोंडपाठ होतं आणि ते विचारणाऱ्याला सांगत, न विचारणाऱ्याला तर सविस्तर सांगत. ग्रंथालयाचा प्रोग्राम ग्रंथालयच बंद पडल्यामुळे गेला. दवाखान्यातला नव्या डॉक्टरांनी आल्या आल्या काढून टाकला, कारण त्यातली हिरवी अक्षरं त्यांच्या डोळ्यांना खुपत. शाळेच्या वेळापत्रकाचा तर बारशालाच गेला. पहिल्याच दिवशी त्याने मुख्याध्यापकांना सलग सात तास गणित शिकवायला दिलं.

एकेचाळिसावा तेवढा हयात होता, आणि तो होता पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात. खोक्यात जी वस्तू भरायची तिची लांबी, रुंदी, उंची आणि पुठ्ठ्याची जाडी सांगितली की तो एक चिठ्ठी छापून देई. पुठ्ठा किती लांब कापायचा, घडीच्या रेघा कुठे मारायच्या, खाचा कुठे पाडायच्या, सगळं त्या चिठ्ठीवर. सत्तावीस वर्षं तो सकाळी आठला कामावर हजर होत होता. अप्पांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी तो आपला नोकरीतच.

महिन्या-दीड महिन्याने अप्पा "इकडून चाललो होतो" असं म्हणत कारखान्यात डोकावत. कारखाना घरापासून दोन बस बदलून, पार दुसऱ्या टोकाला. त्याच्यापुढे रस्ताच नव्हता. फाटकाशी येऊन तो संपत होता. म्हणजे तिकडून कुठेही चालणं शक्य नव्हतं. पण कारखान्याच्या मालकीणबाई समजूतदार होत्या. त्यांनी कधी विचारलं नाही. अप्पा काचेच्या खोलीत जाऊन पडद्याकडे पाच मिनिटं बघत, जावयाच्या घरी नांदणाऱ्या मुलीची चौकशी करावी तशा सुरात "काही त्रास नाही ना?" विचारत, आणि परत फिरत.

"सत्तावीस वर्षांत एकदा चुकला नाही," हे वाक्य त्यांच्या घरात दाराच्या घंटेइतकं ओळखीचं होतं. सूनबाईला ते लग्नानंतर तिसऱ्या दिवशी ऐकवण्यात आलं. चौथ्या दिवशीही.

सूनबाई त्याच धंद्यातली. तिच्या कचेरीत दर पंधरा दिवसांनी प्रोग्राम बदलत. अप्पांचं मत असं की जो प्रोग्राम दर पंधरवड्याला बदलावा लागतो तो लिहिलेला नसतो, सांडलेला असतो. सूनबाईचं मत असं की ज्याला सत्तावीस वर्षं कुणी हात लावला नाही, त्याला लोक घाबरत असणार. एवढे मतभेद असल्यामुळे दोघांचं फार छान जमत असे.

बुधवारी दुपारी मालकीणबाईंचा फोन आला.

"अप्पासाहेब, कॉम्प्युटर गेला."

"गेला? चोरीला?"

"नाही हो, कोण नेतंय तो! सकाळी बटण दाबलं, ठक् झालं, थोडा धूर आला आणि गप्प. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितला, पुन्हा झाकण लावलं आणि हात पुसले. काही बोललासुद्धा नाही."

अप्पा खुर्चीवर बसले. "आणि प्रोग्राम?"

"फायली निघाल्या आतून. नवा कॉम्प्युटर आणलाय, त्यात घातल्या. तर तो म्हणतो, हे मला चालवता येत नाही. आणि दुसरं म्हणजे, आता आठ मिलिमीटरचा पुठ्ठा आलाय. पंपवाल्यांना त्याचीच खोकी हवीत. तुमचा प्रोग्राम पाचाच्या वर जाडी घेतच नव्हता. 'असा पुठ्ठा नसतो' असं छापायचा."

ते वाक्य अप्पांचंच. सत्तावीस वर्षांपूर्वी त्यांनी पुठ्ठ्याच्या भवितव्याविषयी ठाम मत बनवलं होतं.

"सोमवारी दहाला तयार सॉफ्टवेअरवाला येतोय," मालकीणबाई म्हणाल्या. "त्याआधी तुमचं चालू झालं तर तुमचंच ठेवू. नाही झालं तर त्याचं घेऊ. मला काय हो, ज्याने खोकी निघतील ते. तोवर कापणीवरच्या पट्टीमावशी हाताने मापं काढतायत."

अप्पांनी फोन ठेवला. एकेचाळिसातले चाळीस गेले, ते त्यांनी सोसलं होतं. एकेचाळीसच्या एकेचाळीस गेले तर माणसाने जन्मभर नक्की काय केलं, असा प्रश्न कुणीही विचारू शकलं असतं. आणि पहिल्यांदा विचारणारे ते स्वतःच असते.

"म्हणजे त्या पाचाचा दहा करायचा," संध्याकाळी सगळं ऐकून सूनबाई म्हणाली. "एका आकड्याचं काम."

"एका आकड्याचं."

"फक्त त्यासाठी तुम्ही लिहिलेला मूळ मजकूर पाहिजे, तो मशीनला कळेल असा करून देणारं तुमचं ते जुनं सॉफ्टवेअर पाहिजे, आणि ते सॉफ्टवेअर जिच्यावर चालेल अशी मशीन पाहिजे. ती आता पृथ्वीवर नाही."

"सॉफ्टवेअर आहे माझ्याकडे," अप्पा म्हणाले. "तीन प्रतींत."

गुरुवारी फ्लॉप्या निघाल्या. चौकोनी, काळ्या, तळहाताएवढ्या एकोणतीस फ्लॉप्या, अप्पांच्या रेखीव अक्षरांतल्या पट्ट्या चिकटवलेल्या. सूनबाईने कचेरीच्या अडगळीतून फ्लॉपी वाचणारा एक डबा पैदा केला होता. तो दर फ्लॉपीला दमेकऱ्यासारखा घरघरे आणि मग बहुतेक वेळा मान हलवे. 'अतिमहत्त्वाचे' असं लिहिलेली फ्लॉपी पूर्ण कोरी निघाली. 'महत्त्वाचे' लिहिलेलीत एका जुन्या भाडेकरूला लिहिलेलं कडक पत्र होतं. खोक्यांच्या प्रोग्रामचा मूळ मजकूर सापडला तो 'रिकामी' असं लिहिलेल्या फ्लॉपीत.

"तुमची पद्धत काय होती, अप्पा?"

"पद्धत होती," अप्पा म्हणाले. "आता आठवत नाही."

सॉफ्टवेअरच्या सात फ्लॉप्यांतली चौथी पहिल्या प्रतीत मेली होती, दुसऱ्या प्रतीतही मेली होती. तिसऱ्या प्रतीतली चौथी मात्र घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली आणि शेवटी तिने फायली देऊन टाकल्या. अप्पांनी सूनबाईकडे असं बघितलं, जणू तीन प्रती काढणाऱ्या माणसाला आयुष्यभर हसणाऱ्या सगळ्यांची ती प्रतिनिधी होती.

शुक्रवारी तिने रजा टाकली.

"आता मी काय करते, या नव्या कॉम्प्युटरच्या आत एक जुना कॉम्प्युटर उभा करते. खराखुरा नाही, सोंग. तुमच्या सॉफ्टवेअरला वाटेल आपण सत्तावीस वर्षांपूर्वीच आहोत."

"त्यात सॉफ्टवेअरचं काय चुकलं? मलाही सकाळी उठल्यावर तसंच वाटतं."

सोंगाड्या कॉम्प्युटर उभा राहिला. काळ्या पडद्याच्या कोपऱ्यात पांढरी रेघ लुकलुकू लागली, तशी अप्पांची पाठ आपोआप ताठ झाली. पहिली फ्लॉपी घाला, दुसरी घाला, असं करत सातही झाल्या. आणि मग त्या सॉफ्टवेअरने विचारलं, तुमचा अनुक्रमांक काय?

"पुस्तकाच्या पहिल्या पानावर असतो," अप्पा म्हणाले. "दोन खंड होते. निळ्या बांधणीचे."

"कुठे आहेत?"

अप्पांनी मोरीच्या दिशेने बघितलं. दुसरा खंड माळ्यावर होता. पहिला खंड अकरा वर्षांपासून कपडे धुण्याच्या मशीनच्या मागच्या डाव्या पायाखाली होता. तिथली फरशी खचली होती आणि तो बरोबर तेवढ्याच जाडीचा होता.

"ते पुस्तक काढायचं नाही," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्यांना कुणी काही विचारलंही नव्हतं. "ते काढलं की मशीन नाचत नाचत दारापर्यंत येतं."

"अगं, माझा प्रोग्राम..."

"तुमचा प्रोग्राम कपडे धुतो का?"

तह झाला तो असा: पहिला खंड काढायचा आणि त्याच क्षणी दुसरा खंड आत सरकवायचा. सूनबाईने मशीन उचलून धरलं, अप्पा पालथे पडून हात घालत राहिले, सासूबाई बाजूला उभ्या राहून दोघांना "डावीकडे, अहो तुमच्या डावीकडे" असं सांगत राहिल्या. पुस्तक निघालं. अकरा वर्षांच्या साबणाच्या पाण्याने त्याची फुगून भाकरी झाली होती, पण पहिलं पान शाबूत होतं. शेवटचा आकडा तेवढा फिकट झालेला. तीन म्हणावा तर तीन, आठ म्हणावा तर आठ.

"आठ," अप्पा म्हणाले. "मला पक्कं आठवतं."

तीन निघाला.

अनुक्रमांक घेतल्यावर सॉफ्टवेअर सुरू झालं, म्हणजे डोळ्याचं पातं लवायच्या आत सुरू झालं आणि तितक्याच वेळात कोसळलं. पडद्यावर एकच ओळ: शून्याने भागता येत नाही.

"मी कुठेही शून्याने भागलेलं नाही," अप्पा ताबडतोब म्हणाले. आरोप कुणी केला नव्हता.

सूनबाईने तासभर शोधाशोध केली आणि मग ती हसत सुटली. "अप्पा, हे सॉफ्टवेअर सुरू होताना मशीनचा वेग मोजतं. थोडं काम सांगतं, किती वेळ लागला ते बघतं, आणि त्या वेळाने भागतं. आपली मशीन इतकी वेगवान की वेळच लागला नाही. वेळ शून्य. मग त्याने शून्याने भागलं आणि बसलं डोकं धरून."

"म्हणजे मशीन फार चांगलं आहे म्हणून चालत नाही?"

"तेच. सोंग सुरू आहे, पण वेगाचं सोंग नाही. आता त्याला मंद करते." ती आकडे कमी करू लागली. अर्ध्यावर आणलं, कोसळलं. पावावर आणलं, कोसळलं. "थांबा. तुमच्या चिरंजीवांना घरातलं काम सांगितलं की जो वेग असतो ना, तेवढा ठेवते."

त्या वेगाला सॉफ्टवेअर पहिल्या झटक्यात सुरू झालं.

निळा पडदा. पिवळी अक्षरं. वरच्या बाजूला करड्या रंगाची पट्टी. अप्पांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पुसला. "हे बघ," ते म्हणाले, "आता मजकूर मशीनच्या भाषेत उतरवायचा. त्याला नववं बटण, वरच्या रांगेतलं," आणि त्यांनी जुन्या सवयीने ते न बघता दाबलं. सूनबाईच्या कॉम्प्युटरवरचं नववं बटण आवाज वाढवायचं होतं. बंद न केलेल्या कुठल्यातरी खिडकीतून एक बाई खच्चून ओरडून केसांच्या तेलाविषयी सांगू लागली. मोरीतून सासूबाई धावत आल्या.

जेवणानंतर सूनबाई तिच्या कचेरीच्या फोनवर अडकली आणि अप्पा एकटेच मजकूर वाचत बसले. पाचाचा दहा त्यांनी एका मिनिटात केला. मग उगाच, जुनी वही चाळावी तसे खाली खाली वाचत गेले. आपण काय नेटकं लिहायचो, असं त्यांना वाटू लागलं होतं, आणि तेवढ्यात ते एका ओळीपाशी थांबले.

खोक्याला दोन समोरासमोरच्या बाजू. दोन्ही पुठ्ठ्याच्या. म्हणजे आतल्या वस्तूच्या मापात पुठ्ठ्याची जाडी दोनदा मिळवायला पाहिजे. त्या ओळीत ती एकदाच मिळवलेली होती.

अप्पांनी कागद घेतला, चौकोन काढला, बेरीज केली. परत केली. मग खणातून मोजपट्टी काढून औषधाचं एक खोकं मोजलं. काही फायदा झाला नाही. ओळ चुकीचीच होती. सत्तावीस वर्षं प्रत्येक खोकं एका पुठ्ठ्याने आखूड निघायला हवं होतं. वस्तू आतच जायला नको होत्या. आणि तक्रार तर एकही नाही!

हे कसं, याचा विचार त्यांनी करायला हवा होता. पण माणसाचं नाव पणाला लागलं की तो विचार करत नाही, आवराआवर करतो. अप्पांनी दाराकडे बघितलं. सूनबाई अजून फोनवर होती. त्यांनी त्या ओळीत 'गुणिले दोन' एवढं घातलं, नववं बटण या वेळी सूनबाईने शिकवलेल्या जोडबटणासकट दाबलं, आणि ती आत आली तेव्हा ते पाय हलवत बसले होते.

"झालं?"

"पाचाचा दहा केला," अप्पा म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं.

शनिवारी सकाळी दोघं कारखान्यात पोचली. काचेच्या खोलीत नवा कॉम्प्युटर होता, अजून त्याच्या पडद्यावरचं संरक्षक प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. खोलीबाहेर कापणीचा लांबलचक हॉल. तिथे अकरा बायका आणि त्यांच्यावर पट्टीमावशी: किडकिडीत, साठीच्या आसपासच्या, एप्रनच्या खिशात कायम पोलादी पट्टी. त्या अकरा जणींना त्यांनीच शिकवलेलं होतं. अप्पांना त्या 'साहेब' म्हणत आणि नेहमी जरा जास्तच सौम्यपणे बोलत.

सूनबाईने सोंगाड्या कॉम्प्युटर बसवला, प्रोग्राम चढवला, वेग चिरंजीवांइतका केला. मालकीणबाईंनी पंपाची मापं आणि आठ मिलिमीटर जाडी टाकली. 'असा पुठ्ठा नसतो' आलं नाही. चिठ्ठी छापून आली. मालकीणबाई प्रसन्न. अप्पा इतके प्रसन्न की त्यांना "इकडून चाललो होतो" असं म्हणायची तलफ आली.

चिठ्ठी बाहेर गेली. पट्टीमावशींनी स्वतः पुठ्ठा लावला, कापला, रेघा मारल्या, घडी केली. नमुन्याचा पंप आत ठेवून झाकण बंद केलं. मालकीणबाईंनी खोकं उचलून हलवलं.

पंप डावीकडे जाऊन उजवीकडे परत आला. ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"अरेच्चा," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांनी पुन्हा हलवलं. पंप पुन्हा जाऊन आला.

"जाड पुठ्ठा आहे, नवीन आहे..." अप्पा म्हणाले.

"मग जुनं बघू." मालकीणबाईंनी फडताळातून एक जुनी चिठ्ठी काढली. काचेच्या बरण्यांची, तीन मिलिमीटर पुठ्ठ्याची, दर महिन्याला लागणारी. तीच मापं त्यांनी नव्या कॉम्प्युटरवर टाकली आणि दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या. प्रत्येक मापात तीन मिलिमीटरचा फरक.

"जुना प्रोग्राम सत्तावीस वर्षांत एकदा चुकला नाही," मालकीणबाई म्हणाल्या. वाक्य अप्पांचं, पाठ झालेलं. "म्हणजे या सोंगाचंच काहीतरी बिघडलंय."

सगळ्यांच्या नजरा सूनबाईकडे वळल्या. ती लाल झाली. "शक्य आहे," ती म्हणाली. "अपूर्णांक वेगळे धरत असेल, किंवा मी वेग कमी केला त्याचा काही... माझंच चुकलं असेल. बघावं लागेल सगळं. पण सोमवारपर्यंत नाही व्हायचं."

"मग राहू दे बाळा. तू पुष्कळ केलंस. अप्पासाहेब, तुमच्या प्रोग्रामने इमानाने नोकरी केली. सोमवारी त्या माणसाला येऊ दे."

अप्पा खिडकीपाशी उभे होते. गप्प राहिलं तर प्रोग्राम आज मरणार होता, पण निष्कलंक मरणार होता. मालकीणबाई जन्मभर सांगत राहिल्या असत्या की काय प्रोग्राम होता, सूनबाईने हात लावला आणि गेला. बोललं तर कदाचित जगला असता, पण मग ते वाक्य मेलं असतं, सत्तावीस वर्षांचं. आणि त्या वाक्याखेरीज अप्पांकडे दाखवायला दुसरं होतं काय?

सूनबाई खाली मान घालून तारा गुंडाळत होती. मशीन उचलून धरल्यामुळे तिचा खांदा अजून दुखत असावा, कारण ती मधूनच तो चोळत होती.

"तिचं काही चुकलेलं नाही," अप्पा म्हणाले. आवाज नको तेवढा मोठा निघाला. बाहेरच्या अकराही जणींनी वर बघितलं. "प्रोग्राम चुकीचा होता. माझा. पहिल्या दिवसापासून. जाडी दोनदा धरायला हवी, मी एकदा धरली. काल ती चूक दिसली आणि मी गुपचूप दुरुस्त केली. आता माप बरोबर आहे. आता खोकं बरोबर यायला हवं. ते का येत नाही ते मला माहीत नाही."

सूनबाईच्या हातातली तार तशीच राहिली. मालकीणबाईंनी चष्म्यावरून बघितलं. आणि दारात उभ्या असलेल्या पट्टीमावशी हसू लागल्या. आधी नाकातल्या नाकात, मग दूध उतू जावं तशा.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

त्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये नेलं. कापणीच्या टेबलाला एका टोकाशी लोखंडी आडकाठी होती. तिला पुठ्ठा टेकवायचा, पट्टीही टेकवायची आणि तिथून माप घ्यायचं. पट्टीमावशींनी आडकाठी आणि पट्टी यांच्यामध्ये ठेवलेला त्याच पुठ्ठ्याचा एक उभा तुकडा काढून दाखवला. "तुमची चिठ्ठी एका पुठ्ठ्याने आखूड असते, साहेब. म्हणून एक पुठ्ठा मध्ये ठेवून मापायचं. आठाच्या पुठ्ठ्याला आठाचा तुकडा, तिनाच्याला तिनाचा. आज चिठ्ठीपण बरोबर आली आणि मी तुकडापण लावला. मग पंप फिरायला जाणारच."

"सत्तावीस वर्षं?" अप्पा म्हणाले.

"पहिल्या आठवड्यापासून."

"मग सांगितलं का नाही मला?"

"सांगितलं की! पहिल्याच आठवड्यात. तुम्ही म्हणालात, 'बाई, मशीन चुकत नसतं, तुमची पट्टी तपासा.' मी तपासली. पट्टी बरोबर होती." मावशींनी खांदे उडवले. "म्हटलं, शिकलेला माणूस आहे, एवढा उत्साहाने आलाय, कशाला मोडा त्याचं मन. तुकडा लावला की काम भागतंय."

"आम्ही त्या तुकड्याला साहेबच म्हणतो," मागून एक बाई म्हणाली. "'अगं, साहेब लावलास का?'" आणि अकराही जणी टेबलावर डोकं ठेवून हसू लागल्या.

अप्पांना आधी कानांपर्यंत ऊन लागल्यासारखं झालं. मग त्यांच्याने राहवेना, त्यांनी तो तुकडा हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "जुना झाला की काय करता?"

"साहेब बदलतो," मावशी म्हणाल्या.

"ठीक आहे," सूनबाई डोळे पुसत म्हणाली, "मग आता सोपंय. प्रोग्राम बरोबर झालाय, तुकडा लावणं बंद करा."

पट्टीमावशींनी तिच्याकडे दयेने बघितलं. "अकरा जणींचे हात आहेत, बाळा. सांगून थांबायचे नाहीत. आज नाही लावणार, उद्या बोलता बोलता लावतील."

"आणि माझी चार फडताळं भरून जुन्या चिठ्ठ्या आहेत," मालकीणबाई म्हणाल्या. "निम्मी कामं जुन्या चिठ्ठीवरच निघतात. जुनीला तुकडा लावायचा, नवीला नाही, हे कोण बघत बसणार? छे. अप्पासाहेब, ती चूक परत घाला."

"जाणूनबुजून चूक लिहू?"

"सत्तावीस वर्षं न जाणता लिहिलीत. आता जाणून लिहा."

अप्पा काचेच्या खोलीत बसले. चाळीस वर्षांच्या धंद्यात त्यांनी चुका केल्या होत्या, लपवल्या होत्या, दुसऱ्यांच्या काढल्या होत्या. पण मागणीवरून चूक कधी पुरवली नव्हती. त्यांनी 'गुणिले दोन' पुसलं. मग सूनबाई म्हणाली, "शेजारी लिहून ठेवा, नाहीतर पुढे कुणीतरी हुशार माणूस दुरुस्त करेल." त्या जुन्या सॉफ्टवेअरला देवनागरी ठाऊक नव्हती, म्हणून अप्पांनी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केलं: इथे जाडी एकदाच आहे, दोनदा हवी. कृपया बरोबर करू नये. शंका असल्यास पट्टीमावशींना भेटावे.

नववं बटण दाबलं. मशीन चिरंजीवांच्या वेगाने कामाला लागलं. चिठ्ठी आली, पुठ्ठा आला, मध्ये तुकडा आला. पंप खोक्यात उतरताना आतली हवा फुस्स करून बाहेर पडली. मालकीणबाईंनी खोकं हलवलं, उलटं केलं, कानाशी धरलं. आत गप्पगार.

सोमवारी दहाला तयार सॉफ्टवेअरवाला आलाच. मालकीणबाईंनी त्याला बोलावलं होतं आणि दिलेला शब्द त्या मोडत नसत. शिवाय फुकट दाखवतोय तर बघायला काय जातं. अप्पाही आले होते. त्या दिवशी त्यांनी "इकडून चाललो होतो" म्हटलं नाही. "बघायला आलो," म्हणाले.

त्याचं सॉफ्टवेअर खरंच देखणं होतं. पडद्यावर खोकं गोल गोल फिरे, उघडे, मिटे, रंग बदले. चिठ्ठी निघाली. हॉलमध्ये गेली. अकरा जणींपैकी जिचा हात रिकामा होता तिने साहेब लावला आणि पुठ्ठा कापला. खोक्यात पंप असा खडखडला की विक्रेत्याने दचकून आपल्या बॅगेकडे बघितलं.

तो हुशार होता, मानायला हवं. त्याने आपली चिठ्ठी आणि कारखान्याची चिठ्ठी शेजारी ठेवली, खिशातलं यंत्र काढून दोन बेरजा केल्या, आणि त्याचा चेहरा उजळला.

"मॅडम, तुमच्या जुन्या प्रोग्राममध्येच चूक आहे! एक जाडी कमी धरतो तो. कुणी लिहिलाय हा?"

"मी," अप्पा म्हणाले.

विक्रेता जरा ओशाळला. मग समजावणीच्या सुरात म्हणाला, "होतं असं, काका. तेव्हा तुमच्या लक्षात आलं नसेल."

"तेव्हा नाही आलं," अप्पा म्हणाले. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि त्याला जवळ बसवून घेतलं. "पण शनिवारी मी ती परत घातली आहे, ती अगदी नीट लक्षात ठेवून घातली आहे. बसा, दाखवतो. मशीन जरा सावकाश चालतं, घाई करू नका."